डोक्याभोवती दोरी आवळल्यासारखं दुखतं? रोजची गोळी घेण्याआधी हे वाचा



कपाळापासून मागे मानेपर्यंत कुणीतरी दोरी आवळून बांधल्यासारखं डोकं दुखतं. ठणका नाही, उलटी नाही, पण डोकं जड. काम थांबत नाही, म्हणून डॉक्टरकडे जायचं राहून जातं. जाळं टाकायला निघताना मेडिकलमधून एक गोळी घ्यायची, पाण्याबरोबर गिळायची आणि होडीत बसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हळूहळू खिशात चावी आणि तंबाखूच्या पुडीसोबत गोळ्यांची पट्टीही येते.

मोठ्या तलावावर डोंगी वल्हवणारा असो, नाहीतर कोकणात ट्रॉलर चालवणारा तांडेल असो, हे चित्र आपल्या खूप घरांत आहे. पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचं आणि कर्जाचे हप्ते मोजत बसणाऱ्या बोटमालकाचंही तेच. म्हणून आज या दुखण्याबद्दल सविस्तर लिहितो आहोत. ते काय आहे, का होतं, गोळी किती दिवस चालते, आणि कुठल्या डोकेदुखीत घरी थांबायचं नाही, हे चार मुद्दे नीट समजून घ्या.

■ हे दुखणं ओळखायचं कसं?

याला डॉक्टर ‘टेन्शन टाइप हेडेक’ म्हणतात. आपण ताणाची डोकेदुखी म्हणू. डोकेदुखीच्या सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात जास्त आढळणारा. कर्नाटकात बेंगळुरू आणि आसपासच्या गावांत निमहान्सच्या तज्ज्ञांनी घरोघरी पाहणी केली, तेव्हा वर्षभरात दर तीन माणसांत एकाहून जास्त जणांना ही डोकेदुखी झालेली आढळली. त्यामुळे ‘हे मलाच का होतंय’ असं वाटून घेऊ नका.

तिच्या खुणा अशा:

• दुखणं डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतं. कपाळ, कानशिलं, मागची मान.
• दाबल्यासारखं, आवळल्यासारखं वाटतं. ठसठस होत नाही.
• सौम्य ते मध्यम असतं. त्रास होतो, पण माणूस काम करू शकतो.
• चाललं, जिना चढला म्हणून वाढत नाही.
• उलटी होत नाही.
• अर्ध्या तासात थांबू शकतं, नाहीतर सात दिवसही रेंगाळू शकतं.
• मान, खांदे, कानशिलं बोटांनी दाबली तर बऱ्याच जणांना तिथे दुखरे बिंदू सापडतात.

अर्धशिशी (मायग्रेन) याहून वेगळी. ती बहुतेक वेळा एका बाजूला ठसठसते, हालचाल केली की वाढते, मळमळ-उलटी होते, उजेड आणि आवाज दोन्ही सहन होत नाहीत. माणूस अंधाऱ्या खोलीत पडून राहतो. औषध न घेतल्यास ती ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालते. अर्धशिशीची औषधं वेगळी आहेत, म्हणून या खुणा असतील तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. काही जणांना दोन्ही प्रकार असतात.

महिन्यात १५ पेक्षा कमी दिवस दुखत असेल तर ते अधूनमधून येणारं. १५ किंवा जास्त दिवस, आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर ते जुनाट झालं. जुनाट झालेल्याला घरगुती उपाय पुरत नाहीत, डॉक्टर लागतोच.

■ होतं कसं?

मराठीत ‘ताण’ हा शब्द दोरीलाही आहे आणि मनालाही आहे. या डोकेदुखीत दोन्ही ताण एकत्र येतात.

डोक्याभोवती आणि मानेत पातळ-जाड स्नायूंचं जाळं आहे. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं. ते सरळ मानेवर नीट तोललेलं असलं तर भार कमी. मान पुढे वाकवून तासन्तास बसलात तर मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना ते डोकं सतत ओढून धरावं लागतं. स्नायू थकतात, कडक होतात, दुखरे होतात. सुरुवातीला दुखण्याचा हा भाग मोठा असतो.

दुखणं वारंवार होत राहिलं तर मेंदू आणि मज्जारज्जूतली दुखणं ओळखणारी यंत्रणाच जास्त संवेदनशील होते. आधी ज्या दाबाकडे लक्षही जात नव्हतं, तोच दाब आता दुखतो. अपुरी झोप, काळजी, उपास या गोष्टी ही यंत्रणा आणखी हळवी करतात. म्हणूनच जुनाट डोकेदुखीत ‘तपासणीत काही निघत नाही, पण दुखतं मात्र खरं’ अशी स्थिती येते. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे माणूस नाटक करतोय, असं घरच्यांनी म्हणू नये.

■ आपल्या धंद्यातली कारणं

शहरातल्या माणसाला डॉक्टर सांगतात, संगणकासमोर कमी बसा. आपली कारणं वेगळी आहेत. आपली कुठली, ते बघा.

१) जाळं दुरुस्त करणं. जाळं मांडीवर घेऊन, मान खाली घालून तीन-चार तास शिवण चालते. मानेला याहून वाईट स्थिती क्वचितच असेल. जाळं खुंटीला किंवा खांबाला छातीच्या उंचीवर अडकवा आणि स्टुलावर बसून काम करा. दर अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं फिरा. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो. फासा दिसत नाही म्हणून आपण डोळे बारीक करतो, मान आणखी खाली नेतो. अशा वेळी जवळचा चष्मा लावला की मानेला बराच आराम मिळतो.

२) वल्हवणं आणि जाळं ओढणं. दम लागला की खांदे कानांकडे चढतात आणि तसेच राहतात. ओढताना पाय आणि पाठ वापरा, फक्त मान-खांद्याने ओढू नका. दोघे असाल तर बाजू बदला.

३) डोक्यावरची पाटी. बर्फासकट मासळीची पाटी म्हणजे मोठं वजन, आणि ते सगळं मानेच्या मणक्यांवर आणि स्नायूंवर येतं. चुंबळ जाड ठेवा, एका मोठ्या फेरीऐवजी दोन लहान फेऱ्या करा, जमेल तिथे हातगाडी वापरा. पाटी चढवताना-उतरवताना दुसऱ्याची मदत घ्या, कारण झटका तेव्हाच बसतो. हात बधिर होणं, मुंग्या येणं सुरू झालं असेल तर मानेची तपासणी करून घ्या.

४) झोप. तळ्यावर संध्याकाळी जाळं टाकायचं, पहाटे अंधारात काढायचं. समुद्रावर भरती-ओहोटी ठरवेल ते खरं. बाजाराची बाई तीन वाजता उठते. तुकड्या-तुकड्यांत झोप होते, आणि अपुरी झोप हे या डोकेदुखीचं मोठं कारण आहे. रात्रीची झोप मोडणार असेल तर दुपारची झोप ठरलेल्या वेळी घ्या, खोली अंधारी करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

५) रिकामं पोट, कमी पाणी. पहाटे चहा आणि तंबाखूवर निघायचं आणि अकरापर्यंत पोटात काही नाही, यात डोकं दुखणारच. निघताना अर्धी भाकरी किंवा पोळी तरी खा. पाण्याची बाटली सोबत ठेवा. उन्हाळ्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालतं. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

६) चहा. दिवसाला आठ-दहा कप पिणाऱ्याला एखाद्या दिवशी चहा मिळाला नाही तरी डोकं दुखतं. कमी करायचा असेल तर एकदम बंद करू नका, रोज एकेक कप कमी करा.

७) पाण्यावरची चमक. सकाळी-दुपारी पाण्यावरून परतणारं ऊन डोळ्यांत जातं. डोळे मिचकावून कपाळाचे स्नायू थकतात. रुंद काठाची टोपी घाला. पाण्यावरची चमक कापणारा पोलराईज्ड गॉगल मिळतो, साध्या काळ्या काचेपेक्षा तो बरा. टोपी किंवा रुमाल डोक्याला करकचून बांधू नका, त्या आवळण्यानेही डोकं दुखतं.

८) जबडा. गुटखा-तंबाखू-सुपारी दिवसभर चघळणाऱ्याचा जबड्याचा स्नायू दिवसभर कामावर असतो, आणि तो स्नायू कानशिलापर्यंत जातो. काही माणसं काळजीत किंवा झोपेत दात आवळतात. सकाळी उठल्यावर कानशिलं आणि जबडा दुखत असेल तर हे कारण तपासा. तंबाखू सोडण्याचं मोठं कारण कॅन्सर आहेच, हे एक लहान कारण.

९) दारू. रात्री घेतली की झोप मोडते, अंगातलं पाणी कमी होतं आणि सकाळी डोकं जड होतं. त्यावर पुन्हा गोळी घेणं म्हणजे पोटाला आणि यकृताला दुहेरी मार.

■ मनाचा ताण हाही खराच

डिझेलचा खर्च, बर्फाचे पैसे, बँकेचा हप्ता, मुलांच्या फिया आणि जाळ्यात मासळी नाही. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. कमाई बंद, पण हप्ता चालू. त्या दिवसांत घरात बसून डोकं दुखतं, तेव्हा लोक म्हणतात, ‘काम नाही, तरी हा थकतो कशाने?’ काळजीने स्नायू आवळलेले राहतात, श्वास उथळ होतो, झोप मोडते. काळजीचं दुखणं असं शरीरातूनच येतं.

आपल्या भोपाळने हे फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. डिसेंबर १९८४ च्या वायू दुर्घटनेनंतर डोळे आणि फुप्फुसांवर उपचार सुरू झाले, पण मनाच्या त्रासाकडे सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. १९८५ मध्ये गॅसग्रस्त वस्त्यांतल्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची मानसोपचार तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा पाचांत एकाहून अधिक जणांना चिंता, नैराश्य असे आजार आढळले. हे लोक मानसोपचार तज्ज्ञाकडे आलेच नव्हते, साध्या दवाखान्याच्या रांगेत उभे होते. त्यानंतर इथल्या सामान्य डॉक्टरांना हे त्रास ओळखण्याचं आणि त्यावर उपचार करण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. तेव्हा ‘मनाचा त्रास’ हा वेडेपणा नव्हे आणि कमजोरीही नव्हे. डॉक्टरने झोप, काळजी, उदासी याबद्दल विचारलं तर खरं सांगा, त्यावरून औषध ठरतं.

पैशाची काळजी गोळीने जात नाही. ती जिथे कमी होऊ शकते तिथे हात घाला. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी बँकेत आणि संस्थेत जाऊन बोला. बंदीच्या काळासाठी केंद्र आणि राज्याची बचत-सह-मदत योजना आहे. मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये भरायचे, त्यात सरकारचे ३००० मिळवून तीन महिन्यांत ४५०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण दुकानाची उधारी थांबते. आपलं नाव यादीत आहे का, हे मत्स्य विभागाच्या कार्यालयात बंदीच्या आधीच विचारून ठेवा.

फार उदास वाटत असेल, झोपच येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे, दिवस-रात्र चालतो, आपल्या भाषेत बोलता येतं.

■ दुखायला लागलं की आधी काय करायचं?

गोळीच्या आधी हे वीस मिनिटं करून बघा.

• एक तांब्या पाणी प्या. सकाळपासून खाल्लं नसेल तर थोडं खा.
• उन्हातून सावलीत या, टोपी-रुमाल सैल करा.
• टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून मानेवर आणि खांद्यावर ठेवा. काहींना कपाळावर थंड पट्टी बरी वाटते, तीही चालते.
• मान आणि खांदे हलक्या हाताने चोळून घ्या. बाम लावायला हरकत नाही, डोळ्यांपासून लांब ठेवा. मान कडाकड मोडून घेऊ नका आणि कुणाकडूनही झटका देऊन घेऊ नका.
• पडून किंवा टेकून बसा. नाकाने हळू श्वास आत घ्या, त्याहून जास्त वेळ लावून सोडा. पाच मिनिटं. सोडताना खांदे खाली आणि जबडा सैल. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू देऊ नका.

■ गोळी: कुठली, किती, आणि कुठे थांबायचं

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

अधूनमधून दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल गोळी चालते. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, पुढची मात्रा किमान चार ते सहा तासांनी, आणि २४ तासांत आठ गोळ्यांच्या वर कधीच नाही. बाजारात ६५० ची गोळीही मिळते, पट्टीवरचा आकडा वाचा. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही मिळून मात्रा वाढते. रोज दारू पिणाऱ्यांनी, कावीळ किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि अगदी कमी वजनाच्या माणसांनी मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जड. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाचा आजार, दमा, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. दिवसभर उन्हात राहून पाणी कमी झालेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या आणखी धोक्याच्या. ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर या तिन्ही गोळ्या टाळा, रक्तस्रावाचा धोका असतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

आता थांबायचं कुठे? आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागायला लागली की सावध व्हा.

वेदनाशामक गोळी वारंवार घेतली की तीच डोकेदुखी तयार करते. हे ऐकून पटत नाही, पण डॉक्टरांच्या पुस्तकात हा स्वतंत्र आजार आहे. साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अथवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर हा आजार होऊ शकतो. मेंदूला गोळीची सवय लागते. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, माणूस पुन्हा गोळी घेतो, पुन्हा उतरते, पुन्हा दुखतं. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं ही याची नेहमीची खूण. माणसाला वाटतं, ‘गोळी घेतो म्हणून तर उभा आहे.’ प्रत्यक्षात दुखणं गोळीच चालू ठेवत असते.

दुकानातून सुटी मिळणारी ‘डोक्याची गोळी’ अनेकदा अशी मिश्र असते, तिच्यात कॅफीनही असतं. त्यामुळे पट्टी बघितल्याशिवाय, कापून दिलेली सुटी गोळी घेऊ नका. नावच माहीत नसेल तर डॉक्टरला काय सांगणार?

यातून सुटायचा मार्ग एकच, ती गोळी बंद करणं. साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात. पहिले काही दिवस, कधी आठ-दहा दिवस, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. मळमळ, चिडचिड, झोप न येणं हेही होतं. बहुतेक लोक इथेच हरतात आणि पुन्हा गोळी घेतात. हे दिवस काढले की पुढच्या काही आठवड्यांत दुखण्याचे दिवस कमी होत जातात. ट्रॅमाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेत असाल तर मात्र स्वतः बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी कराव्या लागतात. बीपी, शुगर, फिट्सच्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही, त्या चालूच ठेवा.

हे करायला आपल्यासाठी चांगला काळ कुठला? मासेमारी बंदीचा. रात्रीचं जागरण नाही, पाण्यावर जायचं नाही, दवाखान्याची फेरी बुडत नाही. बंदीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि गोळी सोडा. घरच्यांना आधी सांगून ठेवा की आठ-दहा दिवस हा माणूस चिडका असेल.

जुनाट डोकेदुखीत डॉक्टर कधी कधी अमिट्रिप्टिलीनसारखं औषध कमी मात्रेत रात्री घ्यायला देतात. हे नाव गूगलवर शोधलं की ‘नैराश्याचं औषध’ असं दिसतं आणि लोक घाबरून सोडून देतात. कमी मात्रेत ते दुखण्याची यंत्रणा शांत करण्यासाठी दिलेलं असतं. फरक पडायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सुस्ती येते. म्हणून सुरुवातीचे दिवस रात्री होडीवर जाणं, इंजिन किंवा विंच चालवणं टाळा. म्हाताऱ्या माणसाला लघवी अडायचा त्रास असेल तर डॉक्टरला आधीच सांगा.

■ रोजची दहा मिनिटं

हे व्यायाम दुखत नसताना करायचे. जाळं शिवून झाल्यावर, किंवा होडी किनाऱ्याला लागल्यावर.

१) ताठ बसा. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्या, जणू मागच्या भिंतीला डोकं टेकवायचं आहे. पाच मोजा, सोडा. दहा वेळा.
२) दोन्ही खांदे कानांकडे उचला, पाच मोजा, एकदम सैल सोडा. दहा वेळा.
३) उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवा, डाव्या बाजूला ताण जाणवला की वीस मोजा. मग दुसरी बाजू. तीन-तीन वेळा, झटका नको.
४) दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा.
५) रात्री अंथरुणावर पायाच्या बोटांपासून सुरुवात करा. एकेक भाग घट्ट आवळा, मग सैल सोडा. पाय, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ. झोपही लवकर लागते.

व्यायाम करताना हातात मुंग्या किंवा कळ आली तर थांबा.

■ इथे घरी थांबायचं नाही

ताणाची डोकेदुखी जिवाला धोका देत नाही. पण पुढच्यापैकी एकही खूण असेल तर ती ताणाची समजू नका. जमिनीवर असाल तर १०८ ला फोन करा. समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किंवा वायरलेसवरून मदत मागा.

• क्षणात, एका मिनिटाच्या आत, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी.
• तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचं दिसेनासं होणं. हा पक्षाघात असू शकतो, एकेक मिनिट मोलाचं.
• डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठ होणं.
• डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी. दोर तुटून बसलेला फटका, डेकवर घसरणं, विंचचा मार. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मार लहान असला तरी दाखवा.
• फिट येणं, शुद्ध हरपणं, गोंधळल्यासारखं बोलणं.
• डोळा लाल होऊन दुखणं, दिव्याभोवती कडी दिसणं आणि उलटी.
• गरोदर बाईची जोराची डोकेदुखी, विशेषतः बीपी वाढलेलं असेल तर.
• उन्हात काम करून अंग तापणं, बरळणं. हा उष्माघात.

यांत इतकी घाई नाही, पण काही दिवसांत दाखवायलाच हवं: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, आठवड्यागणिक वाढत जाणारी, खोकला-शिंक-वाकणं यांनी वाढणारी, झोपेतून उठवणारी, किंवा आधी कॅन्सर झालेल्या माणसाची.

आणि एक गोष्ट फक्त बोटवाल्यांसाठी. एकाच वेळी केबिनमधल्या दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, चक्कर, मळमळ सुरू झाली, तर ते टेन्शन नाही, धूर आहे. बंद केबिनमध्ये स्टोव्ह किंवा शेगडी, किंवा गळका सायलेन्सर असला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. खुणा दिसताच सगळ्यांनी उघड्यावर या, इंजिन-शेगडी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि दवाखाना गाठा. थंडीत बंद खोलीत कोळशाची सिगडी घेऊन झोपणाऱ्या घरांनाही हेच लागू.

बीपीबद्दल एक गैरसमज. ‘डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक’ असं नसतं. साधारण वाढलेलं बीपी सहसा दुखत नाही आणि तरीही नुकसान करतं. चाळिशी झाली असेल तर डोकं दुखो न दुखो, बीपी मोजून घ्या.

■ भोपाळात कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रापासून करा. बहुतेक वेळा विचारपूस आणि तपासणी एवढ्यावरच निदान होतं, प्रत्येकाला सीटी स्कॅन लागत नाही. वरच्या खुणांपैकी काही असेल किंवा दुखणं जुनाट झालं असेल तर हमीदिया रुग्णालय आणि साकेत नगरचं एम्स आहे. गॅसपीडितांसाठी भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मोफत उपचाराची सोय आहे, कार्ड सोबत न्या. सकाळी लवकर जा, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा.

■ आजपासून एक काम करा

भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर तुम्ही तिथी आणि अमावस्या-पौर्णिमा बघता, त्याच कॅलेंडरवर पेन टांगून ठेवा. डोकं दुखलं त्या दिवशी गोल करा. गोळी घेतली त्या दिवशी फुली मारा. जागरण झालं तर ‘ज’ लिहा, उपाशी राहिलात तर ‘उ’. घरात दोघांना त्रास असेल तर दोन रंगांची पेनं.

महिना संपला की मोजा. फुल्या महिन्यात आठच्या आत असतील तर वरचे उपाय चालू ठेवा. त्याहून जास्त असतील तर मेडिकलऐवजी डॉक्टरकडे जा. दहा-पंधराच्या पुढे असतील तर गोळीच आजार झालेली असण्याची शक्यता आहे, कॅलेंडरचं ते पान फोटो काढून डॉक्टरला दाखवा. ‘अधूनमधून दुखतं’ या उत्तरापेक्षा त्या पानावरून डॉक्टरला लवकर कळेल.

ही माहिती आपल्या होडीवरच्या साथीदारांना आणि बाजारातल्या बायकांच्या गटात जरूर पाठवा. धुराचा भाग तर प्रत्येक खलाशाला वाचून दाखवा.